व्हर्डोरो हिरवी : एका '६८ जीटीओच्या नोंदी

६ जानेवारी २०२४, शनिवार. ट्रॉय, मिशिगन

नवी वही उघडली. रकाने दादांच्या वहीतलेच आखले आहेत: तारीख, काय खोललं, काय बसवलं, काय राहिलं. दादा म्हणजे आमचे वडील; सांगलीत मार्केट यार्डाच्या मागे त्यांचं गॅरेज होतं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात क्रायस्लरच्या करारावर बांधलेले फार्गो आणि डॉज ट्रक तिथे यायचे. दादा सातवी शिकलेले, पण प्रत्येक गाडीची नोंद ठेवायचे आणि शेवटचा रकाना कधी कोरा सोडायचे नाहीत. 'राहिलं'मध्ये काहीच नसलं तर तिथे शून्य काढायचे, म्हणजे गाडी नीट पाहून झाली एवढं तरी कळावं.

मी नऊ वर्षांचा असताना एका साखर कारखान्याच्या अध्यक्षांची शेव्हरले इम्पाला रेडिएटर गळतो म्हणून गॅरेजात आली होती. आठ सिलिंडरचं इंजिन तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. इतकं संथ, पोटातून येणारं. दादांनी माझा हात बॉनेटवर ठेवला आणि म्हणाले, "बघ, हलतंय का?" नव्हतं हलत.

मिशिगनला येऊन सव्वीस वर्षं झाली. गिअरबॉक्सच्या कॅलिब्रेशनमध्ये नोकरी केली. दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड अॅव्हेन्यूच्या कडेला खुर्ची टाकून दुसऱ्यांच्या जुन्या गाड्या बघितल्या. यंदा तशी स्वतःची गाडी घ्यायची आहे. खर्चाची मर्यादा पन्नास हजार डॉलर.

गंजकी गाडी आणून स्वतः उभी करावी, असा मोह फार वर्षं होता. यांत्रिक काम मला जमतं, पत्र्याचं जमत नाही. पत्रा कापणं, जोडणं, रंग चढवणं ही वेगळ्याच हातांची विद्या आहे आणि ती शिकायला माझ्याकडे दहा वर्षं नाहीत. म्हणून कुणीतरी आधीच उभी केलेली गाडी घ्यायची. यातही जोखीम आहेच. उभी केलेली गाडी घेताना आपण दुसऱ्याचं काम विकत घेतो, आणि ते काम रंगाखाली झाकलेलं असतं.

१३ जानेवारी, शनिवार

गाडी ठरली: पॉन्टियाक जीटीओ, १९६८.

मुलीने विचारलं, "बाबा, मस्टँग का नाही? सगळ्यांना माहीत असते." तिला जे सांगितलं ते इथेही लिहितो.

साठीच्या दशकाच्या सुरुवातीला जनरल मोटर्सने स्वतःच्या विभागांना मोटर स्पर्धांपासून दूर राहायला सांगितलं होतं, आणि मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायलाही बंदी होती. त्यांपैकी पॉन्टियाक या विभागाचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रस जी यांनी एक गोष्ट हेरली. मोठ्या पॉन्टियाकचं ३८९ घन इंचांचं इंजिन टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या गाडीच्या इंजिनाच्याच माउंटिंगवर बसत होतं. नियम नव्या मॉडेलला लागू होता, जुन्या मॉडेलवर घेतलेल्या ऐच्छिक साहित्याला नव्हता. म्हणून १९६४ च्या ल मान्सवर, म्हणजे टेम्पेस्टच्याच वरच्या श्रेणीच्या गाडीवर, 'जीटीओ' हे ऐच्छिक पॅकेज म्हणून विक्रीला आलं. नाव फेरारीकडून उचललेलं. वरिष्ठांनी भीत भीत पाच हजार गाड्यांना परवानगी दिली आणि पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या. मोठं इंजिन, मधली गाडी, पगारदार तरुणाला झेपेल अशी किंमत, हे समीकरण तिथून रूढ झालं.

'६८ ची निवड तिच्या नाकामुळे केली. त्या साली जीटीओचं अंग नव्याने घडवलं. पुढचा क्रोमचा बंपर काढून तिथे एन्ड्युरा नावाच्या लवचीक पदार्थाचं नाक बसवलं आणि त्याला गाडीचाच रंग दिला. 'मोटर ट्रेंड' मासिकाने तिला त्या वर्षाची गाडी म्हणून निवडलं. त्या वर्षी एकूण ८७,६८४ जीटीओ तयार झाल्या, त्यांतल्या ७७,७०४ कायम छपराच्या. म्हणजे मिळेल, आणि सुटे भागही मिळतील. ४०० घन इंच, म्हणजे साडेसहा लिटरच्या वर, ३५० अश्वशक्ती. हा आकडा जुन्या पद्धतीने, पंखा-सायलेन्सर न जोडता मोजलेला आहे. चाकांपर्यंत त्यातलं बरंच कमी पोचतं, हे गिअरबॉक्सवाल्याला सांगायला नको.

२७ जानेवारी, शनिवार

पहिली गाडी पाहिली. शहराच्या उत्तरेकडे, एका व्यापाऱ्याच्या दालनात. लाल, आरशासारखी. जाहिरातीत 'जीटीओ', पुढच्या जाळीवर जीटीओ, मडगार्डवर जीटीओ.

'६८ पासून कारखान्याने गाडीला दिलेला क्रमांक डॅशबोर्डवर चालकाच्या बाजूला, काचेतून वाचता येईल असा असतो. पॉन्टियाकचा पहिला आकडा २. पुढचे दोन आकडे मालिका सांगतात: ४२ म्हणजे जीटीओ, ३७ म्हणजे ल मान्स. मी काचेला नाक लावून वाचलं. २३७.

म्हणजे जन्माने ल मान्स. तिच्यावर जीटीओचं नाक, बॉनेट, बिल्ले चढवलेले. अशी गाडी बांधायला माझी हरकत नाही. उत्तम चालत असेल आणि तिच्या नावाने विकली तर कुणाचंच नुकसान नाही. पण किंमत जीटीओची, छप्पन्न हजार. विक्रेत्याला आकडा दाखवला तर म्हणाला, "क्रमांक काही लपवलेला नाहीये." खरं आहे. तरी जाहिरातीत शब्द दुसराच होता, आणि आकडा वाचता न येणाऱ्या माणसाने तो शब्द वाचूनच पैसे मोजले असते. याचा राग घरी येईपर्यंत गेला नाही.

गाडी घ्यायची नव्हतीच, तरी तासभर थांबलो. लोहचुंबकाला पातळ फडकं गुंडाळून पत्र्यावरून फिरवला. दारांवर धरत होता. मागच्या चाकांच्या पाठीमागे, खालच्या वीतभर पट्ट्यात गळून पडला. तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. डिकीतली चटई उचलली तर कडेच्या खोलगट भागांवर जाड काळा थर फासलेला. नव्याने फासलेला काळा थर दिसला की त्याच्याखाली काय आहे असं विचारायचं, हे आजपासून नियमात.

राहिलं: सगळंच.

१० फेब्रुवारी, शनिवार

पाच फोन. तिघांनी गाडीखालून काढलेले फोटो द्यायला नकार दिला, तिथेच सोडलं. एक गाडी तिघांच्या हातून फिरून आलेली, कुणाकडेच कामाची कागदपत्रं नाहीत. एक विकली गेली.

२ मार्च, शनिवार

डेट्रॉईटच्या हंटिंग्टन प्लेसमध्ये (जुन्या लोकांचं 'कोबो') ऑटोरामा हे गाड्यांचं प्रदर्शन बघून आलो. सुंदर गाड्या, पण हरवल्यासारखं वाटलं; तिथल्या कित्येक गाड्या पावसात कधी निघणारच नाहीत. एका रंगाऱ्याशी मात्र छान बोलणं झालं. एन्ड्युरा नाकाची गोष्ट त्याच्याकडून समजली: ते दबतं, परत येतं, आणि वरचा रंग साधा असला तर त्याला केसासारख्या भेगा पडतात. रंगात लवचीकपणा आणणारं द्रव्य घालावं लागतं. 'नाकावर टॉर्च आडवी धरून बघ,' म्हणाला. लिहून ठेवलं.

२३ मार्च, शनिवार. ग्रँड रॅपिड्सच्या बाजूला

पहाटे निघून अडीच तास पश्चिमेला. मालक निवृत्त टूल-अँड-डाय कारागीर, वय सत्त्याहत्तर. गाडी त्यांनी अकरा वर्षं खपून स्वतः उभी केली, २०१७ मध्ये पुरी झाली. आता गुडघ्यांमुळे क्लच दाबवत नाही.

गराज उघडलं आणि आत हिरवी गाडी. व्हर्डोरो ग्रीन. गडद, किंचित सोनेरी झाक. चिंचेच्या जून पाल्यावर ऊन पडावं तशी. लगेच प्रेमात पडायचं नाही असं ठरवून गेलो होतो. त्यासाठी पहिली वीस मिनिटं फक्त आकडे वाचले.

काचेतून: २४२३७८पी. दोन म्हणजे पॉन्टियाक, बेचाळीस जीटीओ, सदतीस कायम छपराची दोन दारी, आठ म्हणजे १९६८, आणि 'पी' म्हणजे मिशिगनमधल्या पॉन्टियाक शहरातलाच कारखाना. माझ्या घरापासून अर्ध्या तासावर जन्मलेली गाडी.

बॉनेटखाली आडव्या पत्र्यावर फिशर बॉडीची, म्हणजे जनरल मोटर्सच्या बॉडी बांधणाऱ्या विभागाची, पट्टी: ६८-२४२३७, रंगाचं अक्षर 'क्यू', म्हणजे व्हर्डोरोच. बांधणीचा काळ ०३बी, मार्चचा दुसरा आठवडा. इंजिनाच्या पुढच्या अंगाला, उजवीकडे, 'डब्ल्यूटी' ही अक्षरं: ३५० अश्वशक्ती, हाती गिअर. त्याच भागात गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे ठोकलेले, ते डॅशबोर्डाशी जुळले. मग मागे वाकून, डिस्ट्रिब्युटरच्या जवळ, ओतकामाची तारीख: बी१९८. फेब्रुवारी, एकोणीस, अडुसष्ट. ब्लॉक आधी ओतला, तीनेक आठवड्यांनी गाडी बांधली. असाच क्रम हवा. ब्लॉकची तारीख गाडीच्या नंतरची निघाली तर समजायचं की इंजिन बदललंय, मग अक्षरं काहीही म्हणोत.

मी गिअरबॉक्सकडे वळणार तेवढ्यात मालक स्वतःच म्हणाले, "तो हिचा नाही. मूळचा मन्सी बनावटीचा फुटला होता. हाही चार गिअरचा, त्याच साली बनलेला, पण दुसऱ्या गाडीतला." मी न विचारता त्यांनी सांगितलं. त्यानंतर त्यांचं बाकीचं बोलणं मी वेगळ्या कानांनी ऐकलं.

मग त्यांनी तीन जाडजूड फायली टेबलावर ठेवल्या. चहाच्या वेळेपर्यंत मी त्याच वाचत बसलो. प्रत्येक ठिगळाचे तीन फोटो: कापण्याआधी, कापल्यावर, जोडल्यावर. मागच्या काचेच्या खालची पन्हळ, जिथे या गाड्या हटकून सडतात, पूर्ण नवी. डिकीच्या कडा नव्या. डाव्या मागच्या मडगार्डचा खालचा भाग नवा आणि त्याखालची आतली चाककमानही. उजवीकडे जुना पत्रा राखलेला, कारण तो चांगला होता. गंज असतो हे सगळेच कबूल करतात. कुठे नव्हता आणि म्हणून हात लावला नाही, हेही लिहिणारा माणूस मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिला. दादांनंतर पहिल्यांदा.

चुंबक सगळीकडे धरला. गाडीखाली झोपलो: चौकटीच्या कडा टोकदार, ठोकून पाहिलं तर आवाज स्वच्छ. बॉडी आणि चौकट यांच्यामधले रबर नवे. नाकावर टॉर्च आडवी धरली. डाव्या कोपऱ्यात चार-पाच बारीक भेगा. मालक म्हणाले, "ते नाक तीनदा रंगवलं, तिन्ही वेळा तिथेच."

एक परीक्षा मुद्दाम केली. पॉन्टियाकच्या त्या काळच्या टायमिंग चेनच्या वरच्या चाकाचे दात अॅल्युमिनियमवर नायलॉन चढवलेले असायचे, आवाज कमी व्हावा म्हणून. वय झालं की नायलॉन तडकतं, तुकडे खाली तेलाच्या टाकीत पडतात आणि पंपाच्या जाळीत अडकतात. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून क्रँक पान्याने थोडा पुढे, मग मागे फिरवला. दिशा बदलल्याबरोबर आतला रोटरही फिरला. चेनमध्ये ढिलाई जवळजवळ नाही. फायलीत पोलादी जोडीची पावती होतीच, पण हाताला कळलं ते बरं वाटलं.

राहिलं: कारखान्याचे कागद मागवणं. कॉम्प्रेशन. रस्त्यावर चालवणं.

३ एप्रिल, बुधवार

पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून कागद आले. या मंडळींकडे पॉन्टियाकच्या जुन्या गाड्यांच्या कारखान्यातल्या बिलांच्या नोंदी आहेत. क्रमांक दिला की त्या गाडीच्या नोंदीची प्रत पाठवतात. '६४-'६५ च्या गाड्यांच्या क्रमांकात जीटीओ ओळखूच येत नाही, तिथे याच कागदावर सगळी भिस्त. '६८ ला क्रमांक बोलतो, पण गाडी कशी निघाली होती ते कागदच सांगतो.

हिच्या कागदावर: चार गिअर, पॉवर स्टिअरिंग, पॉवर ब्रेक, मधला कन्सोल, इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा बॉनेटवरचा टॅकोमीटर. वातानुकूलन नाही. रंग व्हर्डोरो. बघून आलेली गाडी आणि कागदावरची गाडी एकच आहे. रात्री जेवताना ही यादी मी बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, "अहो, पत्रिका जुळल्यासारखं वाचताय." टॅकोमीटर चक्क बाहेर, बॉनेटवर, पाण्यापावसात का बसवला, असंही विचारलं तिने. रस्त्यावरची नजर न हटवता काटा दिसावा म्हणून. पाणी जायचंच त्यात.

६ एप्रिल, शनिवार

पुन्हा ग्रँड रॅपिड्स. इंजिन गरम करून, आठही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन मोजलं. सात सिलिंडर १६५ ते १७२ पौंडांच्या आत. सहावा १५८. थोडं तेल सोडून परत मोजला, फारसा वाढला नाही. म्हणजे रिंगपेक्षा व्हॉल्व्हची शंका. काळजीचं नाही, पण वहीत असावं.

मग चालवायला दिली. क्लच जड. पहिला गिअर लांब. मागचा एक्सल ३.५५ चा, त्यामुळे साठ मैलांच्या वेगाला इंजिन सत्तावीसशे फेऱ्यांच्या आसपास. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला, क्वाड्राजेट कारबोरेटरची मागची दोन मोठी तोंडं उघडली आणि इतका खोल घोगरा आवाज आला की मी लगेच पाय काढला. मालक शेजारी शांत. म्हणाले, "काढू नका. तिला ते आवडतं."

ब्रेक लावला की गाडी डावीकडे ओढते.

९ एप्रिल, मंगळवार. गुढीपाडवा

सकाळी गुढी उभारली, दुपारी फोन केला. त्यांची मागणी बावन्न हजार. गिअरबॉक्स मूळचा नाही, सहावा सिलिंडर, ब्रेक, नाकाचा रंग, असं सगळं सांगून मी पंचेचाळीस म्हणालो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग, "सत्तेचाळीस, आणि सगळ्या फायली तुमच्या." मी हो म्हणालो. फायलींची किंमत मी दोन हजारांहून जास्त लावली असती.

त्यांची एक अट: मुलगा टेक्सासहून मे महिन्यात येणार आहे, त्याला एकदा चालवू द्यायची. मला उलट बरंच झालं. तोवर पाऊस बर्फ वितळवायला रस्त्यांवर टाकलेलं हिवाळी मीठ धुऊन काढेल. या राज्यात गाड्या चालून झिजत नाहीत, मिठाने संपतात.

विमा ठरलेल्या मूल्याचा घेतला; म्हणजे गाडी पूर्ण गेली तर घसारा न कापता ठरलेली रक्कम मिळते. नेहमीच्या विम्यात अशा गाडीला किंमतच नसते. पंचवीस वर्षांवरच्या गाड्यांना मिशिगनमध्ये 'ऐतिहासिक' नंबर पाटी मिळते, ती स्वस्त आहे. पण त्या पाटीवर गाडी फक्त मिरवणुका, प्रदर्शनं, क्लबचे कार्यक्रम यांना न्यायची, आणि मोकळेपणाने फक्त ऑगस्ट महिन्यात. मला जूनमध्येही दूध आणायला जायचं आहे. साधी पाटी घेणार.

१० मे, शुक्रवार. अक्षय्य तृतीया

आणली. सत्तेचाळीस हजार, वर सहा टक्के विक्रीकर, २,८२० डॉलर. ट्रकवर चढवून आणली. ब्रेक ओढत असताना महामार्गावरून दीडशे मैल चालवण्यात शहाणपण नव्हतं.

निघताना मालकांनी बॉनेटवर तळवा ठेवला, बराच वेळ. त्यांचा मुलगा बाजूला उभा. मी ट्रकवाल्याशी बोलत राहिलो, त्यांना वेळ मिळावा म्हणून.

हिने नारळ फोडला, कुंकू लावलं. रात्री आकाशात गुलाबी-हिरवा प्रकाश पसरला, ध्रुवीय प्रकाश इतक्या दक्षिणेला! सारा मोहल्ला रस्त्यावर. त्या उजेडात गराजचं दार उघडं ठेवून आम्ही तिघं बसलो होतो. सांगलीला धाकट्या भावाला व्हिडिओ लावला. तो म्हणाला, "दादांना दाखवायला पाहिजे होती."

ओडोमीटर: ७१,३०६.

१८ मे, शनिवार

खोललं: पुढचे दोन्ही ड्रम. डाव्या बाजूचे लायनर कोरडे, उजवीकडचे ब्रेक ऑइलने ओले. उजवा चाक-सिलिंडर पाझरतो, म्हणून उजवं चाक कमी धरतं आणि गाडी डावीकडे जाते. सिलिंडर दोन्ही बाजूंचे बदलता येतील, तासाभराचं काम.

पण जॅकपाशी बसून विचार करत राहिलो. साधारण सोळाशे किलोची गाडी, ३५० अश्वशक्ती, आणि चारही चाकांना ड्रम. दोन-तीनदा जोरात दाबले की तापतात आणि धरेनासे होतात. १९६८ च्या वाहतुकीत पुढची गाडीही तशीच थांबायची. आज पुढची गाडी बऱ्याच कमी अंतरात थांबते. आणि शेजारच्या सीटवर माझी मुलगी बसणार आहे.

८ जून, शनिवार

बसवलं: पुढे डिस्क ब्रेक, याच कुळातल्या '६९ नंतरच्या गाड्यांच्या धर्तीचे. स्टब एक्सल, कॅलिपर, नळ्या, दाबाचं वाटप करणारा व्हॉल्व्ह, मास्टर सिलिंडर. तीन शनिवार गेले. '६८ ला डिस्क ब्रेक कारखान्यातूनही मागवता यायचे, पण त्या पद्धतीचे चार पिस्टनवाले कॅलिपर महाग आणि पाझरणारे.

मूळपणाचा आग्रह धरणाऱ्यांना हे रुचणार नाही, आणि मी त्यांचा आदर करतो; तेच लोक आकडे जपतात म्हणून मला ही गाडी ओळखता आली. काढलेला एकही भाग टाकलेला नाही. ड्रम, लायनर, सिलिंडर सगळं तेल लावून, चिठ्ठ्या बांधून पेटीत ठेवलं. पुढच्या मालकाला उलटं करायचं झालं तर एक दिवसाचं काम.

ब्रेकची हवा मुलीने काढली. ती पॅडल दाबायची, मी खाली नट सोडायचो. "दाब. धर. सोड." दादा मला असंच सांगायचे.

गाडी आता सरळ थांबते.

२२ जून, शनिवार

तीन दिवस उभी राहिली की सुरू व्हायला रडते. स्टार्टर पंधरा सेकंद फिरतो. सुरू झाल्यावर सुतासारखी. म्हणजे कारबोरेटरची वाटी रिकामी होते आहे.

क्वाड्राजेट उतरवला, खोलला. खालच्या अंगाला इंधनाच्या विहिरी बुजवणारी बुचं असतात, ती वयाने पाझरतात हा याचा जुना आजार. वाटीत पेट्रोल भरून वर्तमानपत्रावर ठेवली, चहा केला, येऊन पाहिलं: दोन ओले डाग. बुचं साफ करून इपॉक्सीने बुजवली. हल्लीच्या पेट्रोलात दहा टक्के इथेनॉल असतं, ते जुनं रबर खातं, म्हणून पंपाची वाटी आणि सुई त्याला टिकणारी घातली.

इंधनाचंही लिहून ठेवतो. या इंजिनाचं कॉम्प्रेशन १०.७५ ला १. बाजारातलं सगळ्यात वरचं, ९३ ऑक्टेनचंच घालायचं, आणि इग्निशन एक अंश मागे घेतलं तर चढावर खडखडत नाही. तेल जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं; कॅमशाफ्टचे सपाट टॅपेट त्यावरच जगतात.

राहिलं: सहावा सिलिंडर. हिवाळ्यात.

१३ जुलै, शनिवार

वुडवर्डवर रॉयल ओकपर्यंत गेलो. याच गावात पूर्वी रॉयल पॉन्टियाक नावाची डीलरशिप होती. जीटीओ नेऊन दिली की ते ती अधिक जलद करून द्यायचे, आणि पॉन्टियाकच्या जाहिराती सांभाळणारे जिम वँगर्स यांनी तिथूनच या गाडीची कीर्ती देशभर नेली.

येताना रस्त्याचं काम, गाड्यांची रांग. काटा चढत गेला: २००, २१०, २२० फॅरेनहाइट. हीटर पूर्ण चालू करून, खिडक्या उघडून, मुलगी आणि मी घामाने निथळत कसेबसे एका गल्लीत शिरलो. पाऊण तास थांबलो.

२० जुलै, शनिवार

रेडिएटर साफ. थर्मोस्टॅट बरोबर उघडतो, पातेल्यात उकळून पाहिला. पंख्याचा क्लच ठीक, कवच जागेवर.

मग फायल क्रमांक दोन काढली. २०१५ ची पावती: नवा वॉटर पंप. तिथे डोक्यात उजेड पडला. पॉन्टियाकमध्ये पंपाच्या पात्यांमागे एक पातळ विभाजक पत्रा असतो. पाती आणि पत्रा यांच्यातली फट मोठी असली तर पाणी पुढे ढकललं जाण्याऐवजी तिथेच घुसळत राहतं. महामार्गावर खपून जातं, रांगेत गाडी तापते. आणि बाजारातल्या नव्या पंपांच्या पात्यांची खोली मूळच्यासारखी नसते.

फट मोजायला हिच्याकडून कणकेचा गोळा घेतला. पात्यांवर चार ठिकाणी चिकटवला, पंप पत्र्यासकट दाबून बसवला, परत काढला, कणीक सुरीने कापून मोजली. जवळजवळ सहा मिलिमीटर! पत्रा लाकडी ठोकळ्यावर धरून हळूहळू ठोकत पुढे आणला. चार वेळा बसवून पाहिला. आता दीड मिलिमीटर, कुठेही घासत नाही.

संध्याकाळी सव्वातीन मैलांच्या रांगेत मुद्दाम नेऊन उभी केली. १९०. तिथून हलेना.

आधीच्या मालकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणून ती माझ्याकडे पण तापायची! मी रेडिएटर दोनदा बदलला." मग पत्र्याच्या मापांबद्दल अर्धा तास बोललो.

३ ऑगस्ट, शनिवार

नाकाचा डावा कोपरा रंगाऱ्याकडे. लवचीक द्रव्य घालून केला. चौथी वेळ. बघू.

१७ ऑगस्ट, शनिवार. ड्रीम क्रूझ

दर ऑगस्टचा तिसरा शनिवार. जुन्या गाड्यांचा हा मेळा वुडवर्डवर १९९५ पासून भरतो. फर्नडेलपासून पॉन्टियाकपर्यंत सोळा मैल, आठपदरी रस्ता आणि दोन्ही बाजूंना खुर्च्या. इतकी वर्षं माझी खुर्ची त्यांतच असायची.

आधीचे मालक मुलाला घेऊन सकाळी सातला आमच्या दारात आले. पोहे झाले, चहा झाला. त्यांना पुढे बसवलं, मुलगी मागे. बर्मिंगहॅमजवळ रांग पूर्ण थांबली, चाळीस मिनिटं हललो नाही. ते टॅकोमीटर बघत नव्हते, तापमानाचा काटा बघत होते. मीही. १९०.

पॉन्टियाक शहरात पोचलो. कंपनीने हे नाव २०१० मध्ये कायमचं बंद केलं. शहराला ते नाव गाडीच्या आधीपासून होतं आणि आजही आहे. एका रिकाम्या पार्किंगमध्ये गाडी बंद केली. मी बॉनेटवर हात ठेवला, पत्रा गरम. मुलीला बोलावलं, इंजिन परत सुरू केलं आणि तिचा हात तिथे ठेवला.

"हलतंय का?"

"थोडंसं. सहावा ना?"

ओडोमीटर: ७१,९४८. पेट्रोल: साडेअकरा गॅलन.

राहिलं: सहाव्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह. गिअरबॉक्सच्या मागच्या सीलमधून थेंब. सोमवारी सील मागवायचं.